अज्ञात जागेवरून आलेला आवाज : उषाताई मेहता

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा मी मागच्या रांगेत बसून सतरंजीचे दोरे काढीत होते. आपले नाव कोणी घेऊ नये एवढीच इच्छा होती. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. माहेर उल्हासनगरचे, सासर बदलापूरचे, आणि या दोन गावांच्या मध्ये अंबरनाथला नणंद दिलेली. इतकेच माझे जग! लेखणी हाती धरायची ती वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब यांपुरती. पण अध्यक्षबाईंनी नाव घेतलेच, आणि कोणावर लिहिणार असे विचारल्यावर माझ्या तोंडून उषा मेहता हे नाव निघून गेले. ते का निघाले, हे मी शेवटी सांगणार आहे. सांगायला धीर हवा. तो लिहिता लिहिता येईल असे वाटते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्यावर एक हिंदी चित्रपट आला होता. तो मुलीने मोबाइलवर लावला आणि मी पोळ्या लाटता लाटता पाहिला. चित्रपट म्हटला की त्यात खऱ्याबरोबर रचलेलेही असणार. खरे काय ते कळावे म्हणून मी वाचनालयातून पुस्तके आणली. जे इंग्रजीत होते ते मुलीने वाचून मला मराठीत समजावून दिले. गुजरातीत त्यांना सारे उषाबेन म्हणत. मी आपल्या रीतीने उषाताई म्हणते.

उषाताईंचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस नावाच्या खेड्यात झाला. वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश. घरात पगार सरकारचा आणि गावात वारे गांधीजींचे, अशी त्या काळच्या पुष्कळ सुशिक्षित घरांची स्थिती होती. पाच वर्षांच्या असताना अहमदाबादच्या आश्रमात त्यांनी गांधीजींना प्रथम पाहिले. पुढे गावाजवळ गांधीजींचे शिबिर भरले, तेथे जाऊन त्या थोडेफार सूत काढायलाही शिकल्या. एवढ्याशा वयात मुलीला काय कळणार, असे आपण म्हणतो. पण मुले सारे पाहत असतात आणि मनात ठेवीत असतात.

१९२८ साली सायमन कमिशन आले. देशाचा कारभार पुढे कसा चालावा हे ठरवायला आलेल्या त्या मंडळात एकही हिंदी माणूस नव्हता, म्हणून देशभर निषेध झाला. आठ वर्षांच्या उषाताई मुलांच्या मिरवणुकीत सायमनला परत पाठवण्याच्या घोषणा देत चालल्या होत्या. पुढे अशाच एका मिरवणुकीत पोलिसांनी लाठ्या चालवल्या. झेंडा धरलेली एक लहान मुलगी पडली आणि तिच्याबरोबर झेंडाही पडला. मुलांना ते फार लागले. त्यांनी वडीलधाऱ्यांकडे हट्ट धरला, आणि मग मुलांना झेंड्याच्याच रंगांचे कपडे शिवून मिळाले. ते घालून मुले पुन्हा रस्त्यावर आली. आता झेंडा हातातून पाडायचा तर मुलालाच पाडावे लागणार! ही गोष्ट मी माझ्या धाकट्याला सांगितली, तेव्हा तो जेवता जेवता थांबला होता.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी उषाताई दहा वर्षांच्या होत्या. समुद्राचे खारे पाणी घरी आणून मीठ करण्यात त्यांचाही हात होता. वडील नोकरीत असेपर्यंत मुलीने यात पडू नये असे त्यांना वाटत असे, आणि बापाच्या जिवाला ते वाटणारच. १९३० साली ते सेवानिवृत्त झाले तेव्हा ती अडचण राहिली नाही. १९३२ साली बिऱ्हाड मुंबईस आले. मुंबईत उषाताई शाळकरी वयातच चोरून छापलेली पत्रके घरोघर पोहोचवू लागल्या. तुरुंगातल्या माणसांना भेटायला जायचे आणि त्यांचे निरोप बाहेर आणायचे, हेही काम त्या करीत. अभ्यासात मात्र कसूर नाही. १९३५ साली त्या मॅट्रिक झाल्या आणि पहिल्या पंचवीस विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक आला. विल्सन कॉलेजातून १९३९ साली तत्त्वज्ञान विषयात पहिल्या वर्गात पदवी मिळवली. नंतर कायद्याचा अभ्यास सुरू केला. अंगावर खादी आली ती कायमची, आणि लग्न न करता आयुष्य देशकार्यात घालवायचे हेही त्यांनी ठरवून टाकले.

एवढ्यात १९४२ साल उजाडले. महायुद्धाचा तो चौथा वर्षांक. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, आणि जपानी सैन्य ब्रह्मदेशातून हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकू लागले. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर इंग्रजांनी देश सोडून जावे असा ठराव काँग्रेसने केला. ९ तारखेच्या पहाटेच गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. गांधीजींना पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. त्याच सकाळी अरुणा असफअली यांनी मैदानावर झेंडा फडकवला.

पुढारी तुरुंगात गेले, आणि वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. चळवळीची बातमी छापायची तर सरकारच्या परवानगीने, नाहीतर पत्र बंद. गांधीजींचे हरिजन साप्ताहिकही बंद पडले. नभोवाणी तर सरकारचीच. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात गोळीबार झाला तरी लोकांना कळण्याचा सरळ मार्ग नाही. खरी बातमी मिळेनाशी झाली की अफवा वाढतात. जे घडले ते कोणास ठाऊक नाही, आणि जे घडले नाही ते सर्वांच्या तोंडी, अशी गत होते.

आपल्या भागाचे त्या वेळचे चित्रही डोळ्यांपुढे आणावे. उल्हासनगर हे नाव तेव्हा नव्हते. माझे माहेर आज जेथे आहे तेथे युद्धकाळात लष्कराची मोठी छावणी झाली, तीच कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच बराकींत येऊन राहिले आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. अजूनही आम्ही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतो. आणि बदलापूरच्या पलीकडे डोंगरांत माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता विजेच्या तारांचे मनोरे पाडीत हिंडत होता. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. एका बाजूला सैन्याच्या बराकी आणि दुसऱ्या बाजूला रानात लपलेले देशभक्त, असा हा मुलूख होता.

त्या दिवसांत उषाताई आणि त्यांचे काही तरुण सोबती यांनी विचार केला की पत्रके किती वाटणार आणि ती पोहोचणार कोठवर? त्यापेक्षा आपलाच रेडिओ असावा. त्यांचे वय तेव्हा बावीस. कायद्याचा अभ्यास त्यांनी सोडून दिला. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे त्यांचे प्रमुख साथीदार. पैशाची अडचण होती. एका नातलग बाईंनी स्वतःचे दागिने काढून देऊ केले, पण उषाताईंनी व सोबत्यांनी ते घेतले नाहीत. बाबूभाईंनी इतर मार्गांनी पैसा उभा केला. दागिने देऊ करणाऱ्या त्या बाईंचे मला फार कौतुक वाटते. बाईमाणसाला दागिना म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको.

यंत्र मिळवणे त्याहून अवघड होते. युद्ध सुरू होताच खाजगी माणसांचे ध्वनिक्षेपणाचे परवाने सरकारने रद्द केले होते आणि यंत्रे जमा करून घेतली होती. तेव्हा एका जाणकार तंत्रज्ञाने सुटे भाग जुळवून यंत्र उभे केले. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवानी यांनी सामानाची आणि माणसांची मदत केली. हे घराणे सिंधमधून मुंबईस आलेले. काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांत ध्वनिवर्धक लावण्याचे काम हीच कंपनी करीत असे. माझ्या माहेरी शेजारी सिंधी काकू राहतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला बसवून घेऊन कढी-चावल खाऊ घातले. आपल्या माणसाचे चांगले ऐकले की कोणाला बरे वाटत नाही?

२७ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस रेडिओ सुरू झाला. ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातील एका अज्ञात जागेवरून आपण बोलत आहोत, अशी सुरुवातीलाच घोषणा होई. आरंभी हिंदुस्थान हमारा हे गीत आणि शेवटी वंदे मातरम्. हिंदीत आणि इंग्रजीत बातम्या व भाषणे होत. राममनोहर लोहिया, आपले अच्युतराव पटवर्धन यांसारखे भूमिगत पुढारी या कामात आले. लोहिया स्वतः भाषणे देत. पहिल्याने दिवसातून दोनदा कार्यक्रम होई. पुढे तो संध्याकाळी साडेसात ते साडेआठ असा एकदाच ठेवला.

याची रीत मुलीने मला समजावली ती अशी. भाषणे व बातम्या एका जागी आधी तबकडीवर उतरवून घ्यायच्या. मग ती तबकडी गुपचूप दुसऱ्या जागी न्यायची, जेथे प्रक्षेपणाचे यंत्र असे, आणि तेथून ती लावायची. म्हणजे बोलणारा एके ठिकाणी आणि यंत्र दुसऱ्या ठिकाणी. पोलिसांच्या हाती एक जागा लागली तरी सारी माणसे सापडू नयेत. पण यंत्र चालू झाले की लहरी कोणत्या दिशेने येतात हे हुडकणारी साधने सरकारकडे होती. तसली साधने बसवलेल्या मोटारी मुंबईच्या रस्त्यांवरून फिरत. एकाच जागी जास्त दिवस राहिले की पकडले जाण्याची खात्री. म्हणून बिऱ्हाड सारखे हलवावे लागे. चौपाटीवरचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचे अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेखवाडी, आणि शेवटी महालक्ष्मीचा पॅरडाइज बंगला. दोन खोल्यांचे सामान एकदा हलवायचे तर आपला जीव मेटाकुटीस येतो. त्यांनी अडीच महिन्यांत इतकी बिऱ्हाडे केली, तीही पोलिसांच्या डोळ्यांदेखत. सरकारने खरखर सोडून तो आवाज दाबण्याचाही प्रयत्न केला.

आता बातम्या कोणत्या? जपान्यांनी चितगाववर बाँब टाकले, जमशेदपूरच्या कारखान्यात कामगारांनी संप केला, बलियाच्या लोकांनी उठाव केला. या बातम्या या रेडिओने लोकांपर्यंत पोहोचवल्या. वेगवेगळ्या प्रांतांतून माणसे निरोप घेऊन येत, मुंबईतील काँग्रेसच्या गुप्त कचेरीतून मजकूर येई, आणि ज्याला वर्तमानपत्र हात लावायला धजत नव्हते ते रोज संध्याकाळी ऐकू येई. रेडिओसंच तेव्हा थोड्याच घरी असत. ज्याच्याकडे असेल त्याने ऐकावे आणि बाकीच्यांना सांगावे, असेच ते चाले.

त्यांतली एक बातमी आपण बायकांनी विसरू नये अशी आहे. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोकांचा आणि पोलिसांचा मोठा संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसे मेली. त्यानंतर चिमुरात सैन्य शिरले, पुरुषांना धरून नेले आणि घरात राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. ही हकिगत बाहेर पडू नये म्हणून सरकारने शक्य ते सारे केले. बाईच्या अब्रूची गोष्ट म्हणजे बाईनेही बोलू नये आणि लोकांनीही विचारू नये, अशीच आपल्याकडची रीत होती. काँग्रेस रेडिओने ती बोलून दाखवली. पुढे प्राध्यापक भणसाळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी त्रेसष्ट दिवस उपोषण केले. ज्या बायांचे कोणी ऐकत नव्हते त्यांच्या दुःखाला मुंबईतल्या एका लपलेल्या खोलीतून वाट मिळाली. याहून बातमीचा उपयोग तो कोणता?

गेल्या हिवाळ्यात मी मुलीबरोबर लॅबर्नम रोड पाहून आले. बदलापूरहून लोकलने दादर, तेथून गाडी बदलून ग्रँट रोड, आणि पुढे चालत. रस्ता शांत, दोन्हीकडे झाडे. त्याच रस्त्यावर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईस आले की येथेच उतरत. आता तेथे संग्रहालय आहे आणि उषाताईंनी पुढे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. त्या रस्त्यावर उभी राहून मी वर खिडक्यांकडे पाहत राहिले. अशाच एका खिडकीआड यंत्र चालू असेल, खालून पोलिसांची मोटार जात असेल, आणि आत बावीस वर्षांची मुलगी श्वास रोखून तबकडी फिरताना पाहत असेल. माझी मुलगी बाजूलाच उभी होती. तीही आता बाविसाव्या वर्षात आहे. माझ्या पोटात उगाच कालवले.

१२ नोव्हेंबर १९४२ हा शेवटचा दिवस. ज्या तंत्रज्ञाने यंत्र उभे केले होते तोच पोलिसांच्या हाती लागला आणि त्याच्याकडून पोलिसांना माग मिळाला. त्या दिवशी बाबूभाईंच्या कचेरीवर पोलीस आले. संकट आले हे उषाताईंनी ओळखले. त्या तेथून निसटल्या आणि लोहिया वगैरे मंडळींना त्यांनी सावध केले. त्यांना त्या वेळी कोठेही लपून राहता आले असते. पण संध्याकाळचा कार्यक्रम चुकायला नको म्हणून चंद्रकांत झवेरींना बरोबर घेऊन त्या महालक्ष्मीच्या बंगल्यात गेल्या. कार्यक्रम शेवटास आला, वंदे मातरम् सुरू झाले, तोच दारे फोडून पोलीस आत शिरले. तबकडी थांबवा असा हुकूम झाला. उषाताईंनी ती थांबवली नाही. तेवढ्यात वीज गेली आणि सारा काळोख झाला. पोलिसांना कंदील मागवावे लागले. पुढे त्यांना खाली नेले तेव्हा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन-दोन पोलीस उभे होते. आपल्याला मानवंदना द्यायलाच ते उभे आहेत असे त्यांना वाटले, असे त्या पुढे सांगत.

येथपर्यंत त्यांच्या बोलण्याची कथा झाली. आता न बोलण्याची ऐका, कारण मला ती अधिक मोठी वाटते.

सहा महिने पोलिसांनी त्यांची कसून चौकशी केली. एकांतात ठेवले. कोण कोण सामील होते, पैसा कोणी दिला, पुढारी कोठे लपले आहेत, हेच प्रश्न परत परत. परदेशी शिकायला पाठवू असे आमिषही दाखवले. उषाताईंनी तोंड उघडले नाही. खास न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा प्रश्नांची उत्तरे देणे आपल्याला बंधनकारक आहे काय, असे त्यांनी न्यायाधीशांनाच विचारले. तसे बंधन नाही असे कळताच, स्वतःच्या सुटकेसाठीसुद्धा आपण उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. न्यायाधीशाचीच मुलगी ती! १९४३ च्या मे महिन्यात निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाताईंना चार वर्षे आणि चंद्रकांतांना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी सुटले.

अडीच महिने जी बाई सबंध देशाशी बोलत होती ती सहा महिने एक शब्द बोलली नाही. बोलली ती दुसऱ्यांसाठी, आणि गप्प राहिली तीही दुसऱ्यांसाठीच. आपण बहुधा याच्या उलट वागतो. दुसऱ्याचे गुपित ओठांवर असते आणि स्वतःची चूक पोटात.

शिक्षा भोगायला त्यांना येरवड्यास नेले. तुरुंगात प्रकृती ढासळली. पोटाच्या विकारासाठी काही काळ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोलीस पहाऱ्यात ठेवावे लागले आणि नंतर पुन्हा येरवड्यास पाठवले. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. तेव्हा गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. त्यांच्या हुकुमाने उषाताई सुटल्या. मुंबईत सुटणाऱ्या राजबंद्यांत त्या पहिल्या होत्या.

१५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश रस्त्यावर आला होता आणि उषाताई अंथरुणाला खिळून होत्या. दिल्लीच्या समारंभाला त्यांना जाता आले नाही. ज्या दिवसासाठी सारे केले तो दिवस खाटेवरून पाहायचा! पण त्याबद्दल कुरकुर करणारा स्वभाव त्यांचा नव्हता. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून त्या राजकारणाच्या धकाधकीत पडल्या नाहीत. पुन्हा पुस्तके हातात घेतली. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून १९५३ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले, विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि १९८० साली निवृत्त झाल्या. राहणी शेवटपर्यंत साधी, अंगावर खादी, पहाटे उठून कामाला लागणे. स्वराज्यात जे चुकीचे दिसे त्याबद्दलची खंतही त्या बोलून दाखवीत. १९९८ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

दरवर्षी ९ ऑगस्टला त्या मैदानावर जात. गवालिया टँकचे नाव आता ऑगस्ट क्रांती मैदान आहे. २००० साली त्या दिवशी अंगात ताप होता, तरी त्या गेल्याच. घरी परतल्या, आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, शांतपणे त्यांचे प्राण गेले. वय ऐंशी वर्षांचे होते. त्यांना जाऊन आता पंचवीस वर्षे होऊन गेली.

चरित्र येथे संपले. आता प्रारंभी म्हटले होते ते सांगते.

२०१९ सालच्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला, तो आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या आदल्या रात्री आमच्या इमारतीत वीज नव्हती. पाऊस धो धो पडत होता. खालच्या अंगणात पाणी चढले होते. तेवढ्यात एका नातलगाचा फोन आला की धरण फुटले. मी कोणालाही विचारले नाही, कोठेही खात्री केली नाही. गॅलरीत गेले आणि काळोखात जिवाच्या आकांताने ओरडले की धरण फुटले, पळा. सारी इमारत जिन्याकडे धावली. त्या गर्दीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. धरण फुटलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओरडले कोण याची चर्चा झाली. काळोखामुळे कोणी पाहिले नव्हते. आमच्या शेजारच्या ताईंचा आवाज जरा मोठा. त्या नेहमी गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारतात. सर्वांनी त्यांचेच नाव घेतले. त्या रडून सांगत होत्या की मी नव्हे, आणि मी दाराशी उभी राहून ऐकत होते. घरी ह्यांनाही मी बोलले नाही. पुढे आजी काठी धरून चालू लागल्या, पण पूर्वीसारख्या नाहीच. त्या गेल्या त्याला आता तीन वर्षे झाली. शेजारच्या ताईंनी मंडळात येणे सोडले आणि दोन वर्षांनी त्या पुन्हा येऊ लागल्या. कारण कोणी विचारले नाही.

माझाही आवाज त्या रात्री अज्ञात जागेवरूनच आला होता. उषाताईंनी जागा लपवली होती, पण जबाबदारी लपवली नाही. पोलीस दारात आले तेव्हा त्या यंत्रापाशीच सापडल्या. मी जागाही लपवली आणि स्वतःलाही. बैठकीत त्यांचे नाव माझ्या तोंडून निघाले ते यामुळे.

हे पान छापून आले की शेजारच्या ताई ते वाचतील. पण त्यांनी ते छापील कागदावर प्रथम वाचावे हे काही बरे नाही. म्हणून हा लेख संपादिकाबाईंच्या हाती देण्यापूर्वी, आज दुपारी, मी त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांनी सारे ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन चहा ठेवला. त्यांनी मला क्षमा केली असे मी म्हणत नाही. ते त्यांचे त्यांनी ठरवायचे. आजींपाशी जायला मात्र मला उशीर झाला.

भगिनींनो, आपल्या प्रत्येकीच्या हातात आज मोबाइल आहे. उषाताईंना जे यंत्र जिवावर उदार होऊन चालवावे लागले त्याहून मोठे यंत्र आपण पदराला बांधून फिरतो, आणि एका बोटाने शंभर घरांत बातमी धाडतो. तसे करण्यापूर्वी क्षणभर थांबून एकदा खात्री करून घ्यावी, आणि चूक झालीच तर ती माझी म्हणून पुढे यावे, एवढे जरी आपल्या मंडळाने या वर्षी मनावर घेतले तरी उषाताईंचे स्मरण सार्थकी लागले असे मी समजेन.

लेखात शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या संपादिकाबाईंनी सांभाळून घ्याव्यात. बाकीची चूक माझी मीच लिहिली आहे. ती तशीच छापावी ही विनंती.